मोटर सापडली का?

आमचं घर पंचवटीत, गल्लीच्या वरच्या टोकाला. गल्ली गोदावरीकडे, आमच्या भाषेत गंगेकडे, उतरत जाते आणि महापालिकेचं पाणीही तिच्याबरोबर उतरून जातं. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच पहाटे मला कळलं की आमच्या मोरीतला नळ शोभेचा आहे. पाणी सुटायची वेळ झाली की तो फुसफुसायचा, चार थेंब टाकायचा आणि गप्प बसायचा. खरं पाणी यायचं ते खाली, वळणावरच्या घरी. त्या घराच्या अंगणातल्या नळाला मनगटाएवढी धार असायची. वरच्या आळीतल्या आम्ही सगळ्या बायका तिथे पाणी भरायचो. ते घर आमच्या नगरसेवकांचं होतं.

त्या नळाची एक रीत होती. दिवेलागणीनंतर आपापला हंडा त्यांच्या फाटकाच्या आत भिंतीलगत ओळीने ठेवून यायचा. हंडा रांगेत लागला की बाईचा नंबर लागला, मग पहाटे पळापळ नाही. पहाटे नगरसेवकांची बायको उठून फाटकाची कडी काढायची आणि तिथेच पायरीवर शाल गुंडाळून बसायची. तिला आम्ही सगळ्या वहिनी म्हणायचो. कुणाकडे पाहुणे असले तर तिला एक हंडा जास्त, घरात बाळंतीण असली तर तिचं भांडं आधी, हे सगळं वहिनी बघायच्या. इतक्या वर्षांत त्या कुणाला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. नगरसेवक तेव्हा आत झोपलेले असायचे.

नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. महापालिकेची निवडणूक लागली आणि आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. नगरसेवकांनी दुसऱ्याच दिवशी वहिनींना उभं केलं. पत्रकावर नाव वहिनींचं, फोटो दोघांचा, आणि त्यातही नगरसेवकांचा मोठा. समोरच्या पक्षाला बाई मिळेना. मग त्यांची नजर आमच्या घराकडे वळली. माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना मी आक्का म्हणते, बालवाडी चालवायच्या. गल्लीतल्या निम्म्या पोरांची नाकं त्यांनी पुसलेली. मोठे भाऊजी तसे मुखदुर्बळ, त्यांनी सगळं आक्कांवर सोडलं. आक्का दोन दिवसांनी म्हणाल्या, "वरच्या आळीची पाइपलाइन बदलून घेता येत असेल तर उभी राहते. बाकी मला राजकारण कळत नाही."

घरात पेढे आले. माझ्या मनात मात्र एकच आलं, उद्यापासून पाणी कुठून भरायचं? मी ते बोलूनही दाखवलं. सगळे हसले. आमचे हे तर म्हणाले, "हिला पंतप्रधान केलं तरी ही आधी हंडा कुठे आहे विचारेल." म्हणेनात का. पण मी जे विचारलं त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. आपण ज्या घरावर टीका करणार, त्याच घराच्या फाटकात आपला हंडा रात्रभर राहणार, हे मला पचत नव्हतं. वहिनींनी कडी काढलीच नाही तर आपण कुणाकडे दाद मागणार होतो?

पहिल्या पहाटे मी घाबरतच खाली गेले. कडी काढलेली होती. वहिनी पायरीवर होत्या. "आक्कांना म्हणावं, घसा सांभाळा, थंडी आहे," एवढंच त्या बोलल्या. मी हंडा भरून वर आले आणि आक्कांना निरोप सांगितला. 

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. आक्का म्हणाल्या, सभा नंतर, आधी हळदीकुंकू करू. पक्षाचा झेंडा नाही, बिल्ला नाही, नेहमीसारखं घरचं हळदीकुंकू. बोलावणी करायला मीच फिरले. वहिनींकडे जायचं की नाही यावर घरात वाद झाला. ह्यांचं म्हणणं, विरोधी उमेदवाराला कुणी वाण देतं का? आक्का म्हणाल्या, "उमेदवार ती महिनाभर आहे, शेजारीण कायमची." मग मी गेले, पायरीवरून बोलावणं दिलं आणि उत्तराची वाट न बघता परतले. मला वाटलं होतं त्या यायच्या नाहीत. पण त्या आल्या, हिरवी साडी नेसून, आणि दाराजवळच्या सतरंजीवर बसल्या.

त्या दिवशी आक्का जे बोलल्या त्याला भाषण म्हणता येणार नाही. हातात तिळगुळाचा डबा होता, तो तसाच धरून त्या बोलत राहिल्या. म्हणाल्या, "वहिनी इथे बसल्यात, त्यांच्यासमोरच बोलते. आपण सगळ्या त्यांच्या दारात पाणी भरतो. त्यांनी कधी कुणाला परत पाठवलं नाही, त्यांचे उपकार आहेतच. पण मला एक विचारायचंय. धरण भरलेलं असतं. शेजारच्या गल्लीत नवी पाइपलाइन पडली, पलीकडच्या गल्लीत पडली. आपल्या नगरसेवकांच्या स्वतःच्या गल्लीत का पडली नाही? आपल्या मोरीत पाणी आलं तर आपण त्यांच्या दारात कशाला जाऊ, आणि दारात गेलो नाही तर मत देताना आठवण कुणाची ठेवू? मला एवढंच वाटतं, की ह्याचं उत्तर आपण त्यांना विचारावं."

कुणी काही बोललं नाही. टाळ्याही नाहीत, हळदीकुंकवाला कोण टाळ्या वाजवतं. सगळ्या बायका मान खाली घालून हातातल्या वाणाकडे बघत होत्या. भाजीबाजारात गाळा असलेली एक बाई आमच्या शेजारी राहते, माहेर कळवणकडचं, ती तेवढी हळूच म्हणाली, "हे तर आपल्या कधी ध्यानातच आलं नाय." मी वहिनींकडे बघायचं टाळत होते, पण नजर गेलीच. त्या वाण घेऊन उठल्या, आक्कांना वाकून कुंकू लावलं आणि गेल्या.  उद्या कडी निघत नाही, मला खात्रीच वाटली.

कडी निघाली. पण पहाटेची रांग त्या दिवसापासून बदलली. एरवी बायका गप्पा मारायच्या, आता गप्प उभ्या राहायच्या. पुढच्या आठवड्यात नगरसेवक प्रचाराला निघाले, तेव्हा दारादारातून एकच प्रश्न यायला लागला, "साहेब, आपल्या गल्लीची पाइपलाइन कधी?" ते म्हणायचे, "हो हो, बघतो, फाइल वर गेलीय." दोन-तीन घरं झाल्यावर त्यांनी घाम पुसला, थंडीत. चौथ्या घरापासून ते मागे वळले आणि पुन्हा आमच्या वरच्या आळीत फिरकले नाहीत. कार्यकर्त्यांना पाठवायचे. मी गच्चीवरून हे सगळं बघत होते आणि मला पहिल्यांदाच वाटलं, आक्का निवडून येणार. तसं वाटलं आणि काळजी आणखीच वाढली. माझं हे असंच आहे. वाईट घडताना मी जरा तरी निवांत असते, चांगलं घडायला लागलं की माझी झोप उडते.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. आमचे हे एका पतपेढीत नोकरीला होते, पण त्यांचा खरा जीव मंडळाच्या माईकमध्ये. गणपतीत आरतीला, नवरात्रात गरब्याला, रक्तदान शिबिरात, जिथे माईक तिथे हे. आवाज खरोखर चांगला. माणूसही चांगला, खोटं बोलून कुणाची दमडी घेणार नाही. पण हातात माईक आला की हे समोरच्या गर्दीच्या ताब्यात जायचे. गर्दी हसली की आणखी हसवायचे, गर्दी पेटली की आणखी पेटवायचे. आक्कांच्या चौकसभांची जबाबदारी ह्यांच्याकडे आली, ती कुणी दिली असं नाही, येणारच होती.

पहिली चौकसभा पाराजवळ झाली. ह्यांनी आक्कांचंच म्हणणं मांडलं, जसंच्या तसं. पाइपलाइन दोन गल्ल्यांत पडली, आपल्या गल्लीत का नाही? लोक ऐकत होते. दारातून, खिडक्यांतून बायका ऐकत होत्या. पण टाळी पडेना. हे थांबून थांबून बघत होते, एक-दोनदा आवाज चढवून पाहिला, तरी नाही. सभा संपली आणि लोक आपसात काहीतरी बोलत पांगले. घरी आल्यावर ह्यांचा चेहरा पडलेला.

"सभा पडली," हे म्हणाले.

मी म्हटलं, "पडली कुठे? सगळे शेवटपर्यंत थांबले होते. जाताना तेच बोलत होते."

"टाळी नाही, शिट्टी नाही. सभा म्हणजे काय श्राद्धाचं जेवण आहे का, मुकाट्याने यायचं आणि मुकाट्याने जायचं?"

मला सभेतलं कळत नाही, हे मान्य. पण हळदीकुंकवातली ती शांतता मी पाहिली होती आणि त्या शांततेनंतर नगरसेवकांना चौथ्या घरापासून माघारी फिरताना पाहिलं होतं. मी ते सांगितलं. हे म्हणाले, "तू पाण्याची काळजी कर, सभेची मी करतो." आक्का स्वयंपाकघरात होत्या, त्यांना सगळं ऐकू जात होतं. 

दुसऱ्या सभेत नगरसेवक निष्काळजी होते ते लबाड झाले. तिसऱ्या सभेत लबाडाचे दरोडेखोर झाले. ह्यांनी म्हटलं, गंगा जर नगरसेवकांच्या अंगणातून वाहत असती तर त्यांनी तिलाही झाकण बसवलं असतं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. हे फुलले. मी गर्दी बघत होते. टाळ्या वाजवणारी पोरं बाजारपेठेकडची होती, आमच्या वॉर्डात मत नसलेली. आमच्या गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या, त्या एकेक करून आत गेल्या. अति तिथे माती, हे काय मला सांगायला हवं का? पण ते ह्यांना दिसलं नाही. माईकसमोर उभं राहिलं की पुढची रांग दिसते, दारं दिसत नाहीत.

आणि मग मोटर आली. झालं असं, की ह्यांच्या मंडळातला एक कार्यकर्ता पत्रकं वाटायला नगरसेवकांच्या घरामागच्या बोळात गेला होता. त्याला भिंतीआडून घरघर ऐकू आली. त्या काळात काही लोक महापालिकेच्या लाइनला चोरून मोटर लावायचे आणि पाणी ओढून घ्यायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कार्यकर्ता धावत आला, म्हणाला, मोटर आहे, कानांनी ऐकली. ह्यांना हवं ते मिळालं. मी विचारलं, "बघितली का पण?" ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती मोटर लावून आले होते. मी पुन्हा म्हटलं, "अहो, खाली उतार आहे म्हणून धार आहे. मोटरीची गरजच काय त्यांना?" हे म्हणाले, "तू आता त्यांची बाजू घे."

मी आक्कांकडे गेले. त्या उद्याच्या बालवाडीसाठी चिकटकामाचे कागद कापत होत्या. मी म्हटलं, आक्का, हे थांबवा. त्या म्हणाल्या, "मी सांगून बघते." सांगितलंही असेल. पण मोठे भाऊजी, पक्षाची माणसं, सगळे त्या सभेतल्या गर्दीने खूश होते. आक्का घरातल्या थोरल्या असल्या तरी शेवटी त्यांच्यासाठीच सगळे राबत होते, राबणाऱ्याला किती बोलणार. संध्याकाळी पाराजवळ ह्यांनी माईकवरून जाहीर केलं, की वरची आळी तहानलेली राहते कारण खालच्या घरात चोरून मोटर बसवली आहे, आणि ज्या बाईला आपण वहिनी म्हणतो ती पाणीचोरीण आहे. सभेत नुसता जल्लोष. सकाळी वहिनींच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी गेरूने रंगवून ठेवलं होतं, पाणीचोरीण.

त्या संध्याकाळी, सभेनंतर, हंडा ठेवायला जायचं माझ्या जिवावर आलं. आमचा हंडा कोणी ठेवला तर तो मीच, दुसरं कोण जाणार? मी पदर डोक्यावरून घेऊन गेले, हंडा ठेवला आणि आत न बघता परतले. पहाटे गेले तर कडी काढलेली. वहिनी पायरीवर होत्या, डोळे सुजलेले. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बायका मात्र बोलल्या. भाजीबाजारवाली हंडा नळाखाली सरकवत म्हणाली, "काय गं, तुमच्या घरी मोटरीचं पाणी चालतं का? मग आम्ही पन चोरीचंच पितो म्हनायचं, आन् तू बी."  ती पुढे म्हणाली, "लय वर्सं झाली मला हितं पानी भरून. मोटर असती तर मला दिसली नसती व्हय? मी आंधळी हाय?" रांगेत सगळ्या तिच्या बाजूच्या. ह्यांनी वहिनींना चोर ठरवलं होतं आणि त्या नळावर उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला चोरीच्या मालाची गिऱ्हाईक. ज्या बायकांनी हळदीकुंकवाला मान खाली घातली होती, त्यांनी आता मान वर काढली होती, आणि ती आमच्याविरुद्ध.

नगरसेवकांनी तर संधी साधायला वेळ लावला नाही. सकाळीच रिक्षावरून भोंगा फिरला, "बंधूंनो, भगिनींनो, आमचं घर सगळ्यांना उघडं आहे. या, आणि मोटर शोधा." इतके दिवस वरच्या आळीत न फिरकणारे साहेब हात जोडून दारोदार आले. कुणी पाइपलाइनचं विचारलं नाही, सगळ्यांना मोटर बघायची होती. आक्का म्हणाल्या, "मी जाते आणि सगळ्यांसमोर सांगते, की आमचं चुकलं." पक्षाच्या माणसांनी त्यांना धरून ठेवलं. आता माघार घेतली तर सगळंच खोटं ठरेल, म्हणाले. हे तर खोलीतून बाहेरच आले नाहीत. मी गेले. न जाता घरी बसवलं नसतं मला.

आख्खी गल्ली त्या घरात शिरली होती. लोक मोरीत वाकले, गच्चीवरची टाकी उघडून पाहिली, ओट्याखालची भांडी बाहेर काढली. एका बाईने तर अंथरुणांचं कपाट उघडलं, तिला मोटर गोधडीत सापडणार होती की काय, देव जाणे. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या होत्या आणि त्यांचं घर लोकांनी उलटंपालटं केलेलं बघत होत्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मागच्या खोलीत भिंतीलगत नवी घरघंटी होती, पांढरी, नुकतीच आणलेली. साहेबांनी स्वतः बटण दाबलं. घरघर सुरू झाली. "हीच का मोटर?" ते म्हणाले, आणि कुणीतरी आणलेली शेरभर बाजरी तिथल्या तिथे दळून दिली. लोक पोट धरून हसले.

त्या हसण्यातच भाजीबाजारवालीने विचारलं. तिचं कौतुक आहे, ती विसरली नव्हती. म्हणाली, "मोटर नाय ते खरं हाय साहेब. पन पाइपलाइनचं काय?"

साहेब हसत म्हणाले, "आधी मोटर सापडू द्या, मग पाइपलाइन शोधू."

पुन्हा हशा. तीही हसली, काय करणार. मी मात्र तिथेच ओळखलं, की आता संपलं. हळदीकुंकवापासून जो प्रश्न त्यांच्या मागे लागला होता, त्यातून त्यांना आम्हीच सोडवलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा. त्यानंतर मतदानापर्यंत आक्का दारोदार तेच जुनं बोलत फिरल्या, शांतपणे, समजावून. लोक ऐकून घ्यायचे, पाणी द्यायचे, आणि निघताना कुणीतरी मागून हसत विचारायचं, "मोटर सापडली का?" खरं बोलणं आणि खोटं बोलणं एकाच घरातून निघालं होतं, लोकांनी दोन्ही एकाच टोपलीत टाकलं.

मतमोजणी दिवसभर चालली. चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांवर गठ्ठे. आक्का पडल्या. फार मोठ्या फरकाने नाही, पण वरच्या आळीच्या पेटीतच पडल्या, ते जास्त लागलं. ज्या बायकांसाठी त्या उभ्या राहिल्या, त्यांनीच पाठ फिरवली. खाली फटाके वाजत होते आणि आमच्याकडे कुणी दिवाही लावला नव्हता. हे कोपऱ्यात बसून होते. आक्का त्यांना एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला ह्यांचा राग आला होता, आणि तेवढीच दयाही येत होती. ह्यांनी स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं, थोड्या टाळ्या सोडून.

त्या संध्याकाळी हंडा ठेवायला मी गेले नाही.  गुलाल उधळलेल्या फाटकात आपला हंडा नेऊन ठेवायचा म्हणजे काय, मी विचारच करू शकत नव्हते. मडक्यात दिवसभराचं पाणी शिल्लक होतं, म्हटलं उद्याचं उद्या.

पहाटे भांड्याचा आवाज आला म्हणून मी उठले. आक्का हंडा घेऊन दारात उभ्या होत्या. "चल," म्हणाल्या. मी म्हटलं, "आक्का, आज नको. मी नंतर जाऊन बघते." त्या म्हणाल्या, "आज गेले नाही तर कधीच जाता येणार नाही." मी कळशी उचलली आणि त्यांच्या मागे उतार उतरायला लागले. 

अंगणात फटाक्यांचे कागद पडले होते, भिंतीवर गुलालाचे हात. कडी काढलेली होती. नवी नगरसेविका नेहमीच्या शालीत पायरीवर बसली होती. साहेब आत झोपलेले असणार. आमचा हंडा रांगेत नव्हता, त्यामुळे आम्ही सगळ्यांच्या मागे उभ्या राहिलो.  एकेक हंडा भरत गेला, एकेक बाई वर निघून गेली. शेवटी अंगणात आम्ही तिघीच राहिलो.

आक्का म्हणाल्या, "वहिनी, भिंतीवर जे लिहिलं होतं, ते माझ्यामुळे झालं. मला माफ करा."

 वहिनी उठल्या, आक्कांचा हंडा त्यांनी स्वतः नळाखाली ठेवला आणि धारेच्या आवाजात, आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलायला लागल्या. "तुमच्या हळदीकुंकवाहून घरी आले ना, त्या दिवशी मी ह्यांना विचारलं. म्हटलं, त्या म्हणतात ते खरं आहे का? पाइपलाइन मुद्दाम ठेवलीत का तशी? लग्न झाल्यापासून मी चारला उठते, आक्का. मला वाटायचं पुण्य लागतंय. ते काही बोलले नाहीत. जेवायला बसले की मी विचारायचे, ते खाली बघायचे. इतके दिवस मी त्यांना गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, आता हे कबूल करतील, आणि निवडून कुणीही आलं तरी पाइपलाइन होईल."

हंडा भरून वाहायला लागला होता. वहिनींनी तो बाजूला केला आणि माझी कळशी लावली.

"मग तुमची मोटर आली," त्या म्हणाल्या, "आणि त्यांना तोंड फुटलं."